चार पानांचा नेचा आणि तलावाची काठपट्टी

(नागपूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत निंदणाला गेलेल्या बाया चार पानांचं एक तण, म्हणजे मार्सिलिया नावाचा पाण्याकाठचा नेचा, मुळासकट उपटून धुऱ्यावर फेकतात. त्याच्या एका सख्ख्या भावंडाला, म्हणजे मार्सिलिया क्वाड्रिफोलियाला, युरोपात १९९२च्या अधिवास निर्देशाखाली, म्हणजे युरोपीय संघाच्या निसर्गरक्षणाच्या नियमाखाली, संरक्षण आहे. जपानमध्ये ते भातखाचरांत इतकं माजायचं की शेतकरी वैतागत. आज तिथल्या पर्यावरण खात्याच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसतो तो मार्सिलिया मिनुटा, आणि तो अजून भरपूर आहे. जपानमध्येही एके काळी असंच होतं, म्हणून आजचा विषय.

आधी ओळख. पानांवरून जाती ठरवू नका, पाणी बदललं की पानं बदलतात. खोल पाण्यात देठ लांबतो आणि पान तरंगतं, चिखलावर तेच पान ताठ उभं राहतं. खात्री होते ती देठाच्या बुडाशी येणाऱ्या कडक बीजाणुफलांवरून, म्हणजे बीजाणू आत असलेल्या छोट्या डब्यांवरून. मिनुटात ती देठाच्या अगदी तळाशी घोळक्यानं येतात. क्वाड्रिफोलियात दोन-तीनच असतात आणि त्यांची दांडी देठाला बुडापासून किंचित वर चिकटलेली असते. भारतात क्वाड्रिफोलिया काश्मीरच्या सरोवरांतून नोंदला गेला आहे. विदर्भातून कुणी ते नाव लावलं तर बीजाणुफल दाखवा म्हणावं.

आता मुद्द्याचं. या नेच्याला पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाणी उतरावंही लागतं. बारा महिने पाण्यात असलेला मार्सिलिया हिरवागार पसरतो, फोटोत छान दिसतो, आणि बीजाणुफल जवळजवळ धरत नाही. ती धरतात पाणी ओसरून चिखल उघडा पडल्यावर. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर आणि तलाव उतरतो ऑक्टोबर ते मे. कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी, म्हणजे मामा तलावांत पाळीच्या (बांधाच्या) समोरच्या बाजूला जो मंद उताराचा काठ दरवर्षी भिजतो आणि सुकतो, तेच याचं घर. फ्रान्समध्ये दोंब भागात मत्स्यतळी ठरावीक वर्षांनी रिकामी करून तळाशी पीक घेण्याची जुनी रीत आहे, आणि हा नेचा तिथल्या तळ्यांत सापडतो. उलट शहरातल्या तलावाला चारी बाजूंनी उभी दगडी भिंत घातली, पाणी एका पातळीवर बांधून ठेवलं, की ही पट्टीच उरत नाही. सुशोभीकरणाच्या आराखड्यात तिच्यासाठी रकाना नसतो, हे दुखणं जुनं आहे.

दुसरी अडचण गाळाची. बीजाणुफलं वरच्या थरात पडून राहतात आणि फार टिकाऊ असतात. वनस्पतिसंग्रहात शंभर वर्षं सुकून पडलेल्या फलांतले बीजाणूही रुजले आहेत. पण जेसीबीनं काठापासूनच गाळ उचलला की ही शिल्लक ट्रॉलीत बसून शेतात जाते. तलाव खोल करायला हरकत नाही, काम मधल्या भागात करा. काठ खरवडावाच लागला तर वरचा १० ते १५ सेंटीमीटर थर आधी वेगळा काढा, सावलीत ढीग घाला, खालचा गाळ उचलून झाला की तोच थर परत पसरा. ठेकेदाराला हे कामाच्या आदेशात लिहून द्यावं लागतं, तोंडी सांगून काही होत नाही.

धानाच्या बांधीत शत्रू तणनाशक. मेटसल्फ्युरॉन-मिथाइल आणि क्लोरिम्युरॉन-इथाइल यांचं २० टक्के मिश्रण एकरी फक्त ८ ग्रॅम लागतं आणि मार्सिलिया त्याला बळी पडतो. शेतकऱ्याला ते वापरू नको म्हणणं खोटं ठरेल. बांधीतून निघणारं पाणी फवारणीनंतर काही दिवस तलावात सोडू नका, एवढं मात्र जमतं.

रोपं करायची पद्धत. फेब्रुवारी ते एप्रिल सुकलेल्या काठावरून तपकिरी-काळी, नखानं न दबणारी फलं घ्या. हिरवी, मऊ फलं कच्ची असतात. एका पट्ट्यातली दहातली एकच उचला. ती कागदी पाकिटात ठेवा, कारण प्लॅस्टिकमध्ये दमट राहिली तर बुरशी येते. प्रत्येक पाकिटावर तलावाचं नाव लिहा, दोन तलावांचा माल एकत्र करू नका.

कवच दगडासारखं असल्यानं नुसतं भिजवून उपयोग होत नाही. नेलकटरनं कडेचा बारीक टवका काढायचा. खोल कापलं तर आतल्या बीजाणूंच्या पिशव्याच चिरतात. मग पावसाच्या किंवा रात्रभर उघड्या ठेवलेल्या नळाच्या पाण्यात, बशीत एक-दोन सेंटीमीटर खोलीवर ठेवा. थोड्या वेळानं फल दुभंगतं आणि आतून चिकट, पारदर्शक दोरी फुगत बाहेर येते. लांबीला ती मूळ फलाच्या कितीतरी पट होते, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पिशव्या असतात. त्यांत लघुबीजाणू (लहान, नर) आणि गुरुबीजाणू (मोठे, मादी) दोन्ही. मार्सिलिया व्हेस्टिटा या दुसऱ्या जातीवर झालेल्या प्रयोगांत २० अंश सेल्सिअसला लघुबीजाणूतून पोहणारे पुंयुग्मक (नर पेशी) तयार व्हायला सुमारे ११ तास लागतात. म्हणून पहिला दिवस-रात्र बशी हलवू नका, पाणी बदलू नका. पुढच्या काही दिवसांत सुईसारखं पहिलं पान दिसतं. चार पाकळ्यांचं पान त्यानंतर येतं, घाबरून फेकून देऊ नका.

तीन-चार पानं आली की खत न घातलेल्या तलावाच्या गाळात लावा. शेणखत घातलं की शेवाळ माजतं आणि रोपं त्याखाली गुदमरतात. गोगलगायी हातानं वेचा. ट्रेला जाळी लावा, नाहीतर नागपुरात डासांची पैदास आपणच करू. गप्पी मासे टाकायचा मोह होतो, पण ते पुढे तलावात पोहोचतात, म्हणून जाळीच बरी.

लागवड पाणी उतरायला लागल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलैत लावलेली लहान रोपं चढत्या पाण्याखाली जातात. पाण्याची रेघ, तिच्या अर्धा फूट खाली आणि अर्धा फूट वर अशा तीन पातळ्यांवर लावा, कारण त्या वर्षी पाणी किती लवकर उतरेल ते आपल्या हातात नाही. खोडाचे तुकडे लावायचे तर टोकाच्या कोंबासह १० ते १५ सेंटीमीटरचे घ्या आणि चिखलात नुसते दाबा. पण सगळे तुकडे एकाच वेलीचे असतील तर पट्टाभर एकच झाड वाढतं. मोजणीतही म्हणून रोपं मोजू नका. एक मीटरची चौकट टाकून किती चौकटींत आहे ते बघा, आणि मार्चमध्ये किती चौकटींत फलं धरली ते.

काठाला कुंपण घालायची घाई करू नका. गुरं पूर्ण बंद झाली की पाणकणीस आणि बेशरम दोन-तीन पावसाळ्यांत पट्टी व्यापतात. मोजकी चराई चालू द्या, बेशरम मात्र मुळासकट उपटा, तोडलेली फांदी चिखलात पुन्हा रुजते.

कायद्याचं थोडक्यात. २०१७च्या पाणथळ नियमांतून भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले, तेव्हा त्या नियमांवर फार विसंबू नका. बोलायचं ते ग्रामपंचायतीशी आणि मच्छीमार सहकारी संस्थेशी. मासळीसाठी पाणी कधी सोडतात, किती ठेवतात हे त्यांच्याच हातात असतं. आणि ते तलावात मत्स्यबीज सोडण्याआधी एक विचारून घ्या, त्यात गवत्या मासा (ग्रास कार्प) आहे का. असेल तर तुमची रोपं आधी तोच खाईल, म्हणून त्या वर्षी लागवड करू नका.