निखाऱ्यांवरची निळी ज्योत

[दृश्य : कोळशाची शेगडी, अगदी जवळून]

निखारे लाल झालेत. आता थोडं वर बघा. तिथे फिकट निळ्या ज्योती हलताहेत. तो कार्बन मोनॉक्साइड जळतोय. खाली कोळशांच्या दाटीत हवा अपुरी पडली, म्हणून कार्बनच्या वाट्याला ऑक्सिजनचा एकच अणू आला. वर मोकळ्या हवेत दुसरा मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

[ॲनिमेशन : दोन अणू]

कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन ४, ऑक्सिजनच्या ६. दोघांनाही ८ हवेत. डायऑक्साइडमध्ये हे सहज जमतं : मधे कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, प्रत्येकाशी दुहेरी बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दोन सामाईक जोड्या.

मोनॉक्साइडमध्ये मात्र दोघांतच भागवायचं असतं. दुहेरी बंध केला, तर ऑक्सिजनचे ८ भरतात, पण कार्बनचे ६ च राहतात. मग ऑक्सिजन स्वतःजवळची आणखी एक जोडी सामाईक करतो. बंध तिहेरी होतो. त्यातल्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी ४ ऑक्सिजनचे, २ कार्बनचे.

हा बंध विलक्षण पक्का आहे. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येमागे) सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, याला १०७२. दोन अणूंच्या, विद्युतभार नसलेल्या रेणूंत याहून मजबूत बंध माहीत नाही.

आणि तरीही हा रेणू गप्प बसत नाही. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. बंधात न गुंतलेली एक जोडी कार्बनच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला उरते. धातूचा अणू समोर आला, की ती त्याला जाऊन चिकटते. १८९० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लुडविग माँड यांनी निकेलवर हा वायू सोडला, तेव्हा ते कठीण धातू चक्क वाफ होऊन उडालं; निकेल शुद्ध करायची पद्धत त्यातूनच निघाली.

[दृश्य : बंद न्हाणीघर, भिंतीवर गॅस गिझर]

आपल्या रक्तातही धातू आहे. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा थंडीत दार लावून घरात ठेवलेली शेगडी यामुळेच जीव घेते. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि उठून दार उघडण्याइतकंही बळ राहत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो : तो या रक्तालाही ऑक्सिजनने भरलेलं समजून चांगला आकडा दाखवतो.

[दृश्य : ऑक्सिजनचा मास्क]

पण लोहाशी जुळलेला हा बंध कायमचा नसतो. माणसाला मोकळ्या हवेत आणलं, तर रक्तातला निम्मा वायू सुटायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण सव्वा तास. म्हणून असा माणूस सापडला, की आधी त्याला बाहेर काढा आणि लगेच रुग्णालयात न्या.