घरच्यांचं लोकेशन: ठिपका कधीचा आहे आणि अजून कोणाला दिसतोय

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, म्हणजे काही जणांचे तरी पैसे वाचतील. नुसता मोबाईल नंबर टाका आणि माणूस नकाशावर बघा असं म्हणणाऱ्या ज्या वेबसाईट असतात ना, त्यांच्या नादाला लागू नका. फोन कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे हे मोबाईल कंपनीला कळतं, पण ती ते पोलिसांना कायद्याने मागितल्यावर देते, तुम्हाआम्हाला नाही. तुम्ही नंबर टाकता, स्क्रीनवर काहीतरी गोल गोल फिरतं, "सापडलं" असं येतं, आणि मग कार्डाचे डिटेल्स मागतात किंवा कुठली तरी फाईल डाउनलोड करायला लावतात. सापडलेलं काहीच नसतं, आणि घरातलं कोणी वेळेवर आलं नाही म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना माणूस नेमका तिथेच फसतो, याचा मला फार राग येतो.

आता फोनला स्वतःची जागा कळते कशी ते बघू, कारण एवढं समजलं की कुठली जाहिरात खरी आणि कुठली थाप हे तुमचं तुम्हालाच कळेल. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल सोडत असतात, फोन ते फक्त ऐकतो आणि निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की हिशोब करून आपण कुठे आहोत ते काढतो. मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतं. घरात, तळघरात, उंच बिल्डिंगांच्या मध्ये सिग्नल अडतो नाहीतर भिंतींवर आपटून येतो, मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज लावतो, तेही नसेल तर टॉवरवरून, आणि टॉवरचा अंदाज शेकडो मीटर, कधी कधी किलोमीटरभरसुद्धा चुकतो. आणि हे सगळं झालं तरी लोकेशन अजून त्या फोनातच आहे, तुमच्यापर्यंत यायला त्याला इंटरनेट लागतं. आयफोन १४ पासूनच्या फोनात काही देशांत उपग्रहावरून लोकेशन पाठवता येतं, पण त्यासाठी माणसाने मुद्दाम उघड्यावर उभं राहून ते पाठवावं लागतं. एरवी रेंज गेली की सगळी ॲप्स सारखीच आंधळी.

म्हणून नकाशावरचा ठिपका वाचायला शिका. समजा मुलगी प्रवासात आहे आणि तिचा ठिपका तलावाच्या मधोमध दिसतोय. आईच्या काळजाचं पाणी होतं. पण जरा थांबून नीट बघा, ठिपक्याभोवती फिकट रंगाचं वर्तुळ असतं, ते जितकं मोठं तितका फोन स्वतःच अंदाजाने बोलतोय, मुलगी त्या वर्तुळात कुठेही असू शकते, म्हणजे काठावरच्या रस्त्यावरून गाडी मजेत चाललेली असू शकते. आणि नावाखाली बारीक अक्षरात वेळ असते, "१२ मिनिटांपूर्वी" अशी. गूगल मॅप्समध्ये तिथेच समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं, आणि ती ४ टक्के असेल तर ठिपका का थांबलाय याचं उत्तर मिळालंच की. माझ्या मते चांगलं ॲप ओळखायची खूण हीच, आपल्याला काय माहीत नाही ते जे सरळ सांगतं ते घ्यावं. वेळ लपवणारं, वर्तुळ न दाखवणारं ॲप कितीही देखणं असो, नको.

लोक म्हणतात अमुक ॲप बंडल आहे, मध्येच बंद पडतं. बऱ्याचदा ॲपचा दोष नसतोच. अँड्रॉइडवर कितीतरी कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात. तेव्हा ज्याचं लोकेशन बघायचंय त्याच्या फोनात त्या ॲपवरचा बॅटरीचा निर्बंध काढा, लोकेशनची परमिशन "नेहमी" करा, आणि आयफोन असेल तर प्रिसाइस लोकेशन, म्हणजे नेमकी जागा देणारी सेटिंग, चालू आहे ना बघा. हे न करता महागडं सबस्क्रिप्शन घेतलंत तरी फरक पडणार नाही.

दुसरा प्रश्न, तो ठिपका अजून कोणाला दिसतोय? लाईफ३६० हे कुटुंबांमध्ये खूप वापरलं जाणारं ॲप, त्यांनी लोकांचा लोकेशन डेटा दलालांना विकला अशी बातमी २०२१ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी नेमकं लोकेशन विकणं बंद करतो असं कंपनीने जाहीर केलं. पोरं रोज कुठे जातात, किती वाजता जातात, हा माल म्हणून बाजारात गेला, विचार करा. त्यामुळे फुकट ॲप घेताना ही कंपनी पैसे कशातून कमावते हे आधी वाचा. चोरून लक्ष ठेवणाऱ्या ॲप्सची गोष्ट तर त्याहून वाईट. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये स्पायफोन या असल्याच ॲपवर बंदीच घातली, आणि एमस्पाय या दुसऱ्या ॲपमधून ग्राहकांचा डेटा एकदा नाही, अनेकदा फुटलाय. शिवाय नवऱ्याच्या, बायकोच्या, कॉलेजातल्या मुलाच्या फोनात गुपचूप असलं काही टाकणं ही काळजी नाही हो, पाळत आहे, आणि कळलं की ते फोन घरी ठेवून बाहेर जाणार, मग बघत बसा ठिपका घरात. विचारून, दोघांनी एकमेकांचं बघायचं असं ठरवून करा, वयात आलेली पोरंसुद्धा मग फार कटकट करत नाहीत.

मग घ्यायचं काय? बहुतेक घरांना फोनात आधीच असलेलं पुरतं. सगळ्यांकडे आयफोन असतील तर त्यातलंच फाइंड माय ॲप, मिक्स असतील तर गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग, लहान मुलांना गूगलचं फॅमिली लिंक. एखाद्या प्रवासापुरतं हवं असेल तर व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, मग आपोआप बंद, मला हे फार आवडतं. विसरभोळेपणा वाढलेल्या आजीआजोबांचं मात्र वेगळं आहे, ते फोन कॉटवर ठेवून निघून जातात, त्यांना सिमवालं घड्याळ बरं, फक्त ते रोज चार्ज कोण करणार हे घरात आधी ठरवा.

आणि पैसे भरण्याआधी ट्रायल घ्या. एकाने फोन घेऊन बाहेर चक्कर मारायची, वाटेत फोन एरोप्लेन मोडवर टाकायचा, दुसऱ्याने घरात बसून बघायचं. ॲप "ऑफलाईन" म्हणतंय किंवा शेवटची वेळ दाखवतंय तर ठीक. जुनाच ठिपका ठेवून "लाईव्ह" म्हणत असेल तर ते लगेच काढा, पण काढण्याआधी आतलं अकाउंट डिलीट करा, कारण नुसतं अनइन्स्टॉल केल्याने त्यांच्याकडे गेलेला डेटा जात नाही.