उडीमुंगीचं घर

मंडळी, नमस्कार. गोव्यात मुंगी म्हटलं की आधी हुमले, झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्या, आठवतात. आंबे काढायला झाडावर चढलेला माणूस घाईघाईने खाली उतरला, की काय झालं ते विचारावं लागत नाही. आज मात्र मी अशा मुंगीबद्दल बोलणार आहे, जी तुमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधात राहत असली तरी बहुतेकांनी पाहिलेली नसेल.

शास्त्रीय नाव हार्पेग्नाथोस सॉल्टेटर. मी तिला उडीमुंगी म्हणतो. टी. सी. जेर्डन नावाच्या डॉक्टरांनी 1851 मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं; पक्षी बघणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. लांबी दीड-दोन सेंटिमीटर. डोळे डोक्याच्या मानाने प्रचंड मोठे. जबडे लांब, बारीक आणि टोकाला वर वळलेले. बहुतेक मुंग्या वासावर चालतात, ही बघून शिकार करते. म्हणून दिवसाउजेडी निघते आणि एकटी निघते, रांग लावत नाही. पाचोळ्यात रातकिड्याचं पिल्लू किंवा कोळी दिसला की थबकते, आणि मधले व मागचे पाय एकदम झाडून झेप घेते. ही उडी दहा सेंटिमीटरपर्यंत जाते.

जगात तिच्यावर काम झालेलं नाही असं नाही. 2010 मध्ये ज्या दोन मुंग्यांचा जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला, त्यांतली एक हीच. पण ते काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत, प्लॅस्टरच्या खोक्यांत वाढलेल्या वसाहतींवर झालं. आपल्या घाटात, आपल्या पावसात ती कशी जगते हे बसून पाहणारे फार थोडे. मला खंत आहे ती याचीच.

माझी तिच्याशी गाठ पडली सत्तरी तालुक्यात, मामांच्या कुळागरात. मे अखेरीला पाटाचं काम चालू होतं. खोदाई यंत्राच्या एका घासात बांधाचा कोपरा उडाला आणि मातीतून मुंग्या उसळल्या, शब्दशः उसळल्या. राणी चिरडली गेली होती. हाताला लागल्या त्या तेवीस कामकरी, काही अळ्या आणि नऊ कोष मी डब्यात घेतले. दोन दंश झाले. बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.

घरी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा कोरून खोल्या केल्या, वर काच ठेवली. साखरपाणी दिलं, त्याकडे कुणी फिरकलं नाही. मेलेला रातकिडा दिला, तोही तसाच पडून राहिला. हिला जिवंत, हलतं भक्ष्य लागतं. ती नांगी मारून त्याला लुळं करते आणि तसंच जिवंत घरात नेऊन ठेवते, म्हणजे ते कुजत नाही. अळ्या थेट त्याच्यावरच तोंड लावून खातात. म्हणजे मुंग्या पाळायच्या तर आधी रातकिडे पाळायचे, आणि तेही बेताच्या आकाराचे. मोठा रातकिडा लाथेने मुंगीचा पाय मोडू शकतो. प्रयोगशाळेत लहान वसाहतींना मोठ्या वसाहतीतल्या मुंग्यांकडून आधीच नांग्या मारून घेतलेले रातकिडे देतात. माझ्याकडे ती सोय कुठून असणार?

दुसरी चूक माझ्या लक्षात यायला दहा दिवस गेले. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या गुळगुळीत प्लॅस्टरवर नुसत्याच वळवळत होत्या आणि एकेक करून काळ्या पडत होत्या. कोष विणायचा तर धागा अडकवायला काहीतरी हवं. बांधाची बारीक चाळलेली माती आणून टाकली, तर तासाभरात कामकऱ्यांनी उरलेल्या दोन अळ्या त्या मातीत अलगद पुरल्या. तिसऱ्या दिवशी तिथे दोन कोष होते. इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

दरम्यान आत वेगळंच चाललं होतं. दोन मुंग्या समोरासमोर उभ्या राहायच्या आणि मिशांनी एकमेकींवर चटाचट वार करायच्या. एक पुढे सरकायची, दुसरी मागे, मग उलट. इजा कुणालाच नाही. राणी गेली की हा सामना लागतो आणि चाळीस दिवसांपर्यंत चालू शकतो. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. त्यांना गेमरगेट म्हणतात, ग्रीक शब्दांवरून केलेलं नाव, अर्थ लग्न झालेली कामकरी. एरवी सातेक महिने जगणारी कामकरी या पदाला पोचली की चार वर्षांपर्यंत जगते. तिचा मेंदू सुमारे पंचवीस टक्क्यांनी आक्रसतो, आणि तिला पुन्हा कामाला लावलं तर तो परत वाढतो, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण माझ्या डब्यात नर नव्हते. मीलन झालं नाही तर अंड्यांतून फक्त नरच निपजतात. नवी कामकरी येणार नव्हती.

मग जुलै आला. सगळ्यांना ठाऊक आहे, जुलैत आपल्याकडे चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. प्लॅस्टर कोरडं ठेवलं तर अळ्या सुकत, ओलं ठेवलं तर सकाळी भिंतीवर पांढरी लव. गणेश चवथीपर्यंत चार मुंग्या उरल्या. नंतर त्याही गेल्या.

तेव्हा मला प्रश्न पडला. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ही मुंगी जमिनीखाली बुडत कशी नाही? उत्तर 1994 मध्येच चार जणांनी दिलं होतं, त्यांत बंगळूरचे मुंगीतज्ज्ञ मुश्ताक अली होते. त्यांनी घरटी थर काढत उघडली. सर्वांत वरच्या खोलीला जाड, घुमटासारखं छत. छताच्या बाहेर आणि भोवतालच्या मातीमध्ये मोकळी पोकळी. मोठ्या वसाहतीत तर एकावर एक अशा अनेक खोल्यांना मिळून एकच मातीचं कवच, वरच्या अंगाला छोटी छिद्रं, काहींना उचललेल्या कडा. आतल्या भिंतींना रिकाम्या कोषांच्या पट्ट्यांचं अस्तर. कचऱ्याची खोली नेहमी सगळ्यांच्या खाली, आणि तिथे उरलंसुरलं खाणाऱ्या माश्यांच्या अळ्या. पूर येणाऱ्या जागेत टिकण्यासाठी ही रचना असावी, असा त्यांचा कयास आहे.

बांध फुटला त्या दिवशी कागदासारखे तपकिरी तुकडे माझ्या हातावर आले होते. मी ते कचरा समजून झटकले. ते त्या घराचं अस्तर होतं.

आता मला कुणी विचारतं, उडीमुंगी कुठे मिळेल, पाळायची आहे. मी सांगत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथून परवानगीशिवाय काही उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वसाहत काढायची म्हणजे ते घर फोडायचं, आणि तसं घर आपल्याला बांधून देता येत नाही. आपल्याकडे वेशीवर राखणदार असतो, गाव राखणारा देव. तो काही पाळत नाही, राखतो. मला या मुंगीच्या बाबतीत तेवढंच करायचं आहे, आणि वहीत लिहायचं आहे.

मामांच्या बांधाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक घर आहे. पोफळीच्या मुळाशी, जांभ्या दगडाला लागून, करंगळी जाईल एवढं भोक. पाट आता तिथून दोन हात वळवून नेला आहे. मामांनी स्वतः कुदळीने नेला. ऊन पडल्यावर, नऊच्या सुमारास पहिली मुंगी बाहेर येते, दारात थांबते आणि सगळीकडे बघते. यायचं असेल त्यांनी रविवारी या. पायात पूर्ण बूट घाला, आणि भोकापासून चार हात लांब बसा. तिला आपण दिसतो.