पांढऱ्या बाजूची मुलगी

२८ जुलै २०२५. श्रावणातला पहिला सोमवार. सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळाकडं माणसांची रीघ लागलेली.

इकडं पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, बुद्धिबळाच्या एका छोट्या क्लासमध्ये आठ-दहा मुलं एका मोबाइलवर वाकून बसली आहेत. पडद्यावर जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, आणि पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय.

कोनेरू हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा समोर बसलेली दिव्या देशमुख जन्मलीही नव्हती. नागपूरची ही पोर १९ वर्षांची. स्पर्धेत मानांकन पंधरावं. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एक नॉर्मसुद्धा (ठरावीक दर्जाची कामगिरी) गाठीशी नाही. तरी वाटेत तिनं दुसरी मानांकित झू जिनर हरवली, हरिका द्रोणावल्ली हरवली, आणि उपांत्य फेरीत १०१ चाली झुंजून माजी जगज्जेती तान झोंगयी.

सोलापूरला बाजू घेणं सोपं नव्हतं. इथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, आणि हंपी आंध्रची. क्लासमधली एक मुलगी सांगते, "ताता, म्हणजे आजोबा, म्हणाले, हंपी आपली. मी म्हटलं, दिव्यापण आपलीच की."

आधीचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटलेले. मग निकाल लावणारे टायब्रेकचे जलद डाव, म्हणजे रॅपिड. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडं काळी मोहरी. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, वर प्रत्येक चालीला दहा सेकंद. हंपी तर रॅपिडची तेव्हाची जगज्जेती! पण घड्याळानं आधी गाठलं ते तिलाच. घाईत चाल चुकली. पटावर मोजकी मोहरी उरली, तरी डाव संपेना. क्लासमध्ये कुणी बोलत नव्हतं.

मग हंपीनं डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड.

दिव्याला रडू आवरेना. ती आईच्या गळ्यात पडली. विश्वचषकाबरोबर थेट ग्रँडमास्टरचा किताबही आला, भारताची ८८वी ग्रँडमास्टर. पण मला तिचं त्यानंतरचं बोलणं फार मोलाचं वाटतं. डोळे अजून ओले असताना ती म्हणाली, डावाचा शेवट मला अजून शिकायला हवा.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोच शेवट पटावर मांडला. काळ्या बाजूला बसायला सगळ्यांची झुंबड. तातांची नात मात्र पांढऱ्या बाजूला जाऊन बसली.

"थांबा सर, हंपीचा डाव वाचतो का बघते."

तिनं घड्याळ दाबलं.