अन्न असणं आणि अन्न सापडणं

नमस्कार. जमिनीवरचे पक्षी वेगवेगळ्या अधिवासांत अन्न कसं शोधतात, हा आजचा विषय. 'जमिनीवरचे' म्हणजे पाणपक्षी सोडून बाकीचे: झाडांवरचे, माळावरचे, झुडपांतले आणि आकाशात फिरणारेसुद्धा.

रानात किडे, अळ्या, बिया, फळं यांची रेलचेल असते, मग पक्ष्यांना खाण्याची ददात कसली, असं आपल्याला वाटतं. पण अळीला खाल्लं जायचं नसतं. ती पानाच्या रंगाची होते, सालीच्या फटीत शिरते, मातीत उतरते. बी कठीण कवचात बसते. म्हणजे अधिवास अन्न देतो, तसा तो ते लपवतोही, आणि लपवण्याची तऱ्हा जागोजागी वेगळी असते. पक्ष्याची चोच, पाय, शेपटी, कान, चालण्याची ढब हे सगळं त्या त्या तऱ्हेवर घडत आलेलं आहे. एवढं एक सूत्र हाताशी ठेवलं की पक्ष्याकडे बघण्याची नजर बदलते.

झाडाच्या खोडापासून सुरुवात करू. सुतार पक्षी खोडावर उभा कसा राहतो ते आधी पाहा. बहुतेक सुतारांच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. शेपटीची पिसं ताठ असतात आणि ती खोडाला टेकली की दोन पाय व शेपटी मिळून तिवई तयार होते. यात मधली दोन पिसं सर्वांत मजबूत. पिसं गळून नवी येण्याच्या काळात सुतार बाकीची शेपटी आधी बदलतो आणि ही मधली जोडी सर्वांत शेवटी, नवी पिसं आधाराला तयार झाल्यावर. उलट क्रम झाला तर ऐन कामाच्या वेळी टेकणच राहणार नाही.

आता त्याचं ठोकणं. एकसारखा, अतिजलद 'टर्रर्र' आवाज आला तर तो बहुधा हद्द सांगण्यासाठी किंवा जोडीदारासाठी असतो. अन्नासाठीचं ठोकणं अनियमित असतं: दोन ठोके, थांबणं, मान तिरकी करून बघणं, साल उचकटणं, पुन्हा तीन ठोके. भोक पडलं की जीभ आत जाते. जिभेला आधार देणाऱ्या हाडाची दोन शिंगं कवटीच्या मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात, म्हणून ती चोचीच्या खूप बाहेर निघू शकते. युरोपातला हिरवा सुतार तर जमिनीवरच्या मुंग्यांच्या वारुळात सुमारे 10 सेंटिमीटर जीभ घालतो. अनेक जातींत जिभेच्या टोकाला उलटे काटे असतात आणि वर चिकट लाळ. अळी बाहेर ओढली जाते ती अशी.

सुताराच्या कवटीत धक्का शोषणारी गादी असते, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. 2022 साली वेगवान चित्रीकरण करून केलेल्या अभ्यासात तसं दिसलं नाही; डोकं एखाद्या घट्ट हातोड्यासारखं चालतं. विचार केला तर ते पटतंही. धक्का कवटीनेच शोषला असता, तर लाकडाला बसणारा घाव तेवढाच हलका झाला असता. मेंदू लहान असल्यामुळे तो धक्का पक्ष्याला सोसतो.

त्याच खोडावर शिलिंध्री डोकं खाली करून उतरते. तिला शेपटीचा टेकू लागत नाही. एक पाय वर अडकवायचा आणि दुसरा खाली रोवायचा, असं तिचं चालणं असतं. खालून वर चढणाऱ्या पक्ष्याला सालीच्या पापुद्र्याची जी बाजू दिसतच नाही, ती वरून उतरणाऱ्याला दिसते. खोड एकच, पण पाहण्याची दिशा उलटी केली की दुसऱ्या पक्ष्याचं पोट त्यावर भरतं.

पानांच्या गर्दीत हा प्रश्न आणखी बारीक होतो. 1958 साली रॉबर्ट मॅकआर्थर या परिस्थितिकीतज्ज्ञाने अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या स्प्रूस वृक्षांच्या जंगलात पाच जातींच्या वार्बलर पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचही आकाराने जवळजवळ सारखे, पाचही कीटक खाणारे, आणि राहायला एकाच जंगलात. मग एकमेकांच्या तोंडचा घास ते काढून कसे घेत नाहीत? त्याने झाडाचे उंचीनुसार आणि खोडापासून टोकापर्यंत असे कप्पे कल्पिले आणि कोणता पक्षी कुठे किती सेकंद घालवतो ते मोजलं. एक जात शेंड्याच्या बाहेरच्या पानांत रमणारी, दुसरी मधल्या उंचीवर आतल्या बाजूने हिंडणारी. शोधण्याच्या पद्धतीही वेगळ्या: कुणी फांदीच्या रेषेत आत-बाहेर सरके, कुणी आडवं एका फांदीवरून दुसरीवर जाई, कुणी पानासमोर क्षणभर हवेत थरथरे.

पानांत किडे शोधणारा पक्षी प्रत्येक पान तपासत बसत नाही. त्याला ते परवडणारं नाही. वल्गुलीच्या (इंग्रजीत टिट) कुळातले पक्षी कुरतडलेल्या पानांकडे आधी जायला शिकतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. आणि अळ्यांच्या बाजूने याला उत्तर आहे. पक्ष्यांना चविष्ट लागणाऱ्या कित्येक अळ्या खाऊन झालेलं अर्धवट पान देठापाशी कातरून खाली टाकतात, म्हणजे फांदीवर पुरावाच उरत नाही. बेचव, केसाळ अळ्या मात्र भोकाभोकांची पानं तशीच ठेवतात. त्यांना लपण्याचं कारण नाही. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण शोधणारा आणि लपणारा दोघांनी एकमेकांना कसं घडवलं ते एका फाटक्या पानावर वाचता येतं.

आता जमिनीवर येऊ. पालापाचोळ्यात सातभाई पानं चोचीने उलटतात, नवरंग पानं बाजूला उडवतो. रानकोंबडी पायांनी माती उकरते आणि लगेच एक पाऊल मागे सरते. ते पाऊल महत्त्वाचं, कारण उकरलेली जागा तिच्या पोटाखाली असते आणि मागे सरकल्याशिवाय तिला तिथे काही दिसत नाही. पाचोळा उथळ असेल तर ही मेहनत फुकट जाते. त्यात ओल टिकत नाही, आणि ओल नसली की किडेही टिकत नाहीत. बाग रोज झाडून लख्ख ठेवली की पाचोळ्यात चरणारे पक्षी तिथून निघून जातात. झाडं मात्र होती तेवढीच असतात, म्हणून आपल्याला कारण उमगत नाही.

मातीच्या आतलं अन्न काढायला आणखी एक हत्यार लागतं. आपण चोच मिटण्याची ताकद लक्षात घेतो, पण मैनेच्या कुळातल्या अनेक पक्ष्यांची खरी ताकद चोच उघडण्यात आहे. युरोपातली स्टारलिंग गवताच्या मुळांत मिटलेली चोच खुपसते आणि मग आत जोर लावून ती उघडते. माती फाकते. त्याच क्षणी तिचे डोळे पुढे वळतात, आणि चोचीच्या मागे कवटी अरुंद असल्यामुळे तिला दोन्ही डोळ्यांनी थेट त्या फटीत पाहता येतं. हुदहुदही लांब चोच जमिनीत घालून ती आत उघडू शकतो. माती वाळून टणक झाली की हे तंत्र बंद पडतं. किडे दोन बोटं खाली जिवंत असतात, पण चोच आत जात नाही.

अमेरिकन रॉबिन हिरवळीवर धावते, थांबते, मान तिरकी करते आणि गांडूळ ओढून काढते. ती बघते की ऐकते, यावर बराच वाद होता. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसण्याच्या, वासाच्या आणि कंपनांच्या खुणा काढून टाकल्या, तरी मातीत पुरलेल्या अळ्या तिला सापडल्या. खरखरणारा आवाज लावून ठेवल्यावर तिचं यश घटलं. म्हणजे कानांवर तिचं काम चालू शकतं. डोळे ती एरवी वापरतेच.

माळावर अडचण वेगळी. आडोसा कमी, जागा अफाट, आणि अन्न विखुरलेलं. टिटवी आणि धाविक यांची चाल पाहा: चार पावलं धाव, थांबा, टिपा. पक्षी स्वतः हलत असताना बारीक हालचाल नजरेतून सुटते, म्हणून थांबणं हा शोधण्याचाच भाग आहे. खाटीक, नीलपंख आणि वेडा राघू उंच जागी बसून वाट बघतात. वेडा राघू मधमाशी पकडतो, फांदीवर आपटतो आणि तिचं शेपटाकडचं टोक फांदीवर घासून नांगी व विष काढून टाकतो. घासताना डोळे मिटून घेतो. कापशी घारीला बसायला जागा नसली तर ती हवेतच एका ठिकाणी पंख मारत थांबते. ही पद्धत फार खर्चाची आहे.

गवताच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे हमखास चूक होते. गवत जितकं उंच, तितके त्यात नाकतोडे जास्त, हे साधारणपणे बरोबर. पण बसून झेप घेणाऱ्या पक्ष्याला गुडघाभर गवतातला नाकतोडा दिसत नाही, आणि दिसला तरी तिथे उतरता येत नाही. गवत कापलं किंवा गुरं चरून गेली की पक्षी तुटून पडतात ते यासाठी: किडे तेवढेच, पण उघडे पडलेले. सगळं गवत एकदम कापलं तर चार दिवस चंगळ होते आणि नंतर किडेच संपतात. उंच आणि खुरटं गवत शेजारी-शेजारी असेल तर उंचातून किडे येत राहतात आणि खुरट्यात ते टिपता येतात. एखाद्या माळावर पक्ष्यांना अन्न किती, हे किड्यांच्या मोजणीवरून ठरवलं तर उत्तर चुकतं. त्यांच्यापर्यंत चोच पोचते का, तेही मोजावं लागतं.

बियांचंही तसंच. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य फिंच पक्ष्यांची वर्षानुवर्षं मापं घेत होते. 1977 साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि कठीण, त्यांत गोखरूच्या जातीची काटेरी फळं. मध्यम आकाराच्या भूमी-फिंचपैकी सुमारे 85 टक्के पक्षी नाहीसे झाले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. बिया बेटावर होत्या; त्या फोडण्याची ताकद मोजक्या चोचींत होती.

कोरड्या बियांवर जगणाऱ्याला पाणी लागतं, हे विसरू नका. पाखुर्डी पाण्यासाठी लांबवर उडते, आणि नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी आणतो. फळं खाणारे धनेश आणि तांबट बी टाकून देतात आणि झाड पसरवतात; हरियाल मात्र उंबर-पिंपळाच्या बारीक बिया आपल्या पेषणीत, म्हणजे जठराच्या स्नायुमय कप्प्यात, भरडून टाकतो. दोघं एकाच झाडावर एकच फळ खाताना दिसतात, पण झाडाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसऱ्याच्या धडपडीवर जगणं हीसुद्धा एक रीत आहे. नाचण शेपटीचा पंखा उघडून किडे उठवतो. कोतवाल गुरांच्या पायांतून उडालेले किडे टिपतो. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात लष्करी मुंग्यांच्या फौजेपुढे पळणारे किडे खायला काही पक्षी रोज हजर असतात. मुंग्यांना ते हात लावत नाहीत. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातला काटेशेपटी कोतवाल खोटा धोक्याचा इशारा देतो आणि दुसऱ्याने टाकून पळालेला घास उचलतो. हनीगाइड हा आफ्रिकेतला पक्षी तर माणसाला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो आणि उरलेलं मेण खातो. मोझांबिकमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध गोळा करणाऱ्यांनी परंपरागत विशिष्ट हाक दिली तर पोळं सापडण्याची शक्यता सुमारे 17 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेली.

अंधाराबद्दल एकच उदाहरण देतो. गव्हाणी घुबडाच्या कानांची छिद्रं एका पातळीत नसतात, एक वर आणि एक खाली असतं. दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून त्याला उजवी-डावी दिशा कळते, आणि आवाजाच्या तीव्रतेतल्या फरकावरून वर-खाली. चेहऱ्याची थाळी आवाज गोळा करते. पंखांच्या पुढच्या कडेची दातेरी झालर उडण्याचा आवाज मारते, म्हणजे भक्ष्याला चाहूल लागत नाही आणि घुबडाच्या स्वतःच्या कानांतही गोंधळ होत नाही.

शेवटी, हे स्वतः कसं नोंदवायचं ते सांगतो. वहीत सहा रकाने आखा: जात, वेळ, जमिनीपासूनची उंची, पृष्ठभाग (पान, फांदी, साल, पाचोळा, माती, हवा), कृती (टिपणं, खुपसणं, उचकटणं, उलटणं, झेप) आणि घास मिळाला की नाही. पक्षी दिसला की लगेच लिहू नका. जो पक्षी उघड्यावर झेप घेतो तोच आधी नजरेस पडतो, त्यामुळे पहिल्या कृतीच्या नोंदी झेपांनी भरून जातात आणि पानांआड गुपचूप टिपणं दिसतच नाही. मनात दहापर्यंत मोजा आणि त्यानंतरची पहिली अन्नकृती लिहा. एका पक्ष्याची एकच नोंद घेऊन पुढे चला. त्याच्याच सलग वीस नोंदी म्हणजे वीस पक्षी होत नाहीत. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण ऊन चढलं की किडे जागा बदलतात आणि त्यांच्यामागे पक्षीही. उंचीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, तेव्हा ठाऊक असलेल्या लांबीची काठी खोडाला लावून नजर आधी बसवून घ्या. घास मिळाला की नाही हे गिळण्याच्या हालचालीवरून आणि फांदीवर चोच पुसण्यावरून ओळखता येतं. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, 'हो' लिहू नका. आणि रिकामे गेलेले प्रयत्न न चुकता लिहा. एका जातीच्या तीसेक नोंदी जमल्या की तो सहावा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. किडे भरपूर असूनही 'नाही' जास्त आले असतील, तर तिथला पाचोळा, गवताची उंची आणि उभी वाळकी झाडं पुन्हा जाऊन पाहा.