हातचा राखलेला प्रसंग

श्रोतेहो, शाळेत बेरीज करताना हातचा धरायचा राहिला की उत्तर चुकत असे. मराठीत हातचा राखणे असाही एक वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे: वस्तू जवळ आहे, पण मुद्दाम पुढे केलेली नाही. रहस्यकथेत जो प्रसंग आपल्याला दिसत नाही, तो लेखकाने हातचा राखलेला आहे की तो धरायचाच विसरला आहे, हे कसे ओळखायचे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. त्यासाठी उदाहरणही एकच घेतो. बीबीसीच्या ‘शर्लॉक’ मालिकेतील ‘द रायशेनबाख फॉल’ हा भाग १५ जानेवारी २०१२ रोजी प्रथम दाखवला गेला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण शेवट सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

शेवट असा आहे. लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवर वृत्तपत्रांनी तोतया ठरवलेला गुप्तहेर शर्लॉक होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी समोरासमोर येतात. शर्लॉकने उडी मारून जीव दिला नाही, तर त्याचा मित्र डॉक्टर जॉन वॉटसन, घरमालकीण मिसेस हडसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड या तिघांवर नेमलेले मारेकरी गोळ्या झाडतील, असे मोरिआर्टी सांगतो आणि आपला शब्द फिरवायची वेळच येऊ नये म्हणून स्वतःच्या तोंडात पिस्तूल झाडून घेतो. शर्लॉक खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या जॉनला फोन करतो, निरोप घेतो आणि उडी मारतो. जॉन रक्तबंबाळ देह पाहतो, मनगट धरून नाडी पाहतो, त्याला बाजूला ओढले जाते. नंतर दफनभूमी येते, काळा दगड येतो, जॉनचे बोलणे येते. आणि अगदी शेवटी, दूर उभा राहून हे सारे पाहणारा जिवंत शर्लॉक दिसतो.

ही शेवटची चौकट म्हणजे लेखकाने प्रेक्षकाला लिहून दिलेली चिठ्ठीच आहे, असे मला वाटते. एक प्रसंग तुमच्यापासून लपवला आहे, शोधा, असे ती सांगते. मूळ कथेत आर्थर कॉनन डॉयल यांनी असे काही लिहून दिलेले नव्हते. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात ढकलले ते त्याला कायमचा संपवण्याच्या इराद्याने, आणि १९०३ मध्ये त्याला परत आणताना त्यांच्या मदतीला आली ती एकच गोष्ट: मृतदेह कोणीच पाहिलेला नव्हता. दूरचित्रवाणीच्या लेखकांनी नेमकी उलटी अडचण मुद्दाम ओढवून घेतली. त्यांनी मृतदेह दाखवला, आणि तोही एका डॉक्टरला.

आता कथानकाचे सांधे तपासू. उडीपूर्वीच्या रात्री प्रयोगशाळेत शर्लॉक मॉली हूपरला भेटतो. ती रुग्णालयाच्या शवागारात काम करणारी, त्याच्यावर जीव असलेली आणि त्याने कधी मोजदादीत न धरलेली बाई. आपण मरणार आहोत असे वाटते, असे तो तिला सांगतो. तुला काय हवे आहे, असे ती विचारते आणि ‘तू’ एवढेच तो सांगतो. दृश्य तिथेच तोडले आहे. यापुढे त्या दोघांत काय बोलणे झाले ते आपल्याला कळत नाही, पण बोलणे व्हायला अख्खी रात्र मोकळी ठेवलेली आहे, आणि जिच्याशी बोलणे झाले तिच्या ताब्यात मृतदेह आणि मृत्यूचे कागद दोन्ही आहेत. हा हातचा राखलेला प्रसंग. त्याच्यासाठी जागा, वेळ आणि माणूस या तिन्ही गोष्टी कथानकात आधीपासून आहेत.

तसाच तो चेंडू. जॉन प्रयोगशाळेत येतो तेव्हा शर्लॉक जमिनीवर बसून एक लहानसा रबरी चेंडू समोरच्या कपाटावर आपटत असतो. विचारात पडलेल्या माणसाचा चाळा म्हणून आपण तो सोडून देतो. काखेत असा चेंडू घट्ट दाबून धरला की हाताकडे जाणारी धमनी दबते आणि मनगटाची नाडी काही क्षण लागत नाही. ही हातचलाखी जादूगारांच्या माहितीतली आहे, आणि उडीपूर्वी फोनवर शर्लॉक जॉनला, ही नुसती जादूची करामत आहे, असे शब्दही ऐकवतो. तो आपल्या कीर्तीबद्दल बोलतो आहे असे जॉनला वाटते. आपल्यालाही तसेच वाटते. एवढे उघड सांगून लपवणे मला फार आवडले.

तिसरा सांधा जागेचा आहे. शर्लॉक जॉनला मागे फिरायला लावतो आणि एका ठरावीक ठिकाणी उभे करतो. तिथून गच्ची दिसते, पण देह जिथे पडणार तो पदपथ मध्ये असलेल्या रुग्णवाहिका केंद्राच्या बैठ्या इमारतीमुळे दिसत नाही. जॉन धावत निघतो तोच एक सायकलस्वार त्याला धडकून पाडतो. पहिल्यांदा पाहताना हा अपघात वाटतो; दुसऱ्यांदा पाहताना त्या सायकलस्वाराला कुठे एवढी घाई होती, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

प्रेक्षकांनी जवळजवळ दोन वर्षे या सांध्यांवर डोके चालवले. १ जानेवारी २०१४ रोजी ‘द एम्प्टी हर्स’ हा पुढचा भाग आला. त्यात आधी दोन खोटे खुलासे आहेत आणि मग शर्लॉक स्वतः पोलिसांच्या न्यायवैद्यक पथकात काम केलेल्या अँडरसनला तिसरा सांगतो: रस्त्यावरचे सगळे लोक त्याचेच होते, खाली हवेने फुगवलेली मोठी गादी होती, मॉलीने त्याच्यासारखा दिसणारा मृतदेह खिडकीतून खाली टाकला, जॉन पडलेला असताना अदलाबदल झाली, आणि जॉनवर नेम धरलेल्या मारेकऱ्याला शर्लॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्या माणसांनी गाठले. अँडरसन ऐकतो, काहीसा हिरमुसतो आणि मग त्यातल्या फटी मोजू लागतो. जॉन नेमका तिथेच उभा राहील याची खात्री कशी होती, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. आक्षेप पात्राच्याच तोंडी घालून लेखकाने आपली सुटका करून घेतली, असे म्हणणारे आहेत. मला ती पळवाट वाटते, पण खेळकर पळवाट वाटते.

मला खटकतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. काही सेकंदांत शर्लॉक स्वतः पदपथावर येऊन पडणारच असेल, तर दुसऱ्या मृतदेहाची उठाठेव कशाला, हे खुलाशानंतरही नीट पटत नाही. लष्करात डॉक्टर असलेला माणूस मनगट पाहतो आणि मानेला हात लावत नाही, हे मात्र मी सोडून देतो. मित्र डोळ्यांसमोर पडलेला असताना आणि लोक मागे ओढत असताना कोणाचा हात कुठे जाईल, सांगता येत नाही. पण गच्चीवरच्या मोरिआर्टीचे काय? भर दिवसा, सरकारी रुग्णालयाच्या छतावर, पिस्तुलाने मेलेल्या माणसाचा देह पडलेला आहे, आणि खाली वृत्तपत्रे शर्लॉकला तोतया ठरवत आहेत. त्या देहाचा पंचनामा कोणी केला, शर्लॉकने खून करून आत्महत्या केली असे पोलिसांना वाटले की आणखी काही, याविषयी हा भाग चकार शब्द काढत नाही. इथे मॉलीसारखे कोणी ठेवलेले नाही आणि मोकळी रात्रही नाही. हा हातचा धरायचाच राहिला.

आणि शेवटी मायक्रॉफ्ट. शर्लॉकच्या आयुष्याची माहिती मोरिआर्टीला त्यानेच पुरवली, हे जॉनला कळते तेव्हा मायक्रॉफ्ट खजील होऊन, माझ्या वतीने शर्लॉकची क्षमा माग, असे जॉनला सांगतो. पुढच्या भागानुसार ती माहिती दोघा भावांनी ठरवून पुरवली होती. म्हणजे जॉनसमोर तो नाटक करत होता. चालेल, समोर जॉन होता. पण शर्लॉकच्या मृत्यूनंतर मायक्रॉफ्ट आपल्या खुर्चीत एकटाच बसलेला दाखवला आहे. हातातल्या वर्तमानपत्रात तोतया बुद्धिमंताच्या आत्महत्येचा मथळा आहे, तो ते बाजूला ठेवतो आणि दोन्ही हात जुळवून तोंडाशी धरून बसतो. आपल्या संगीत नाटकांत स्वगताचा एक अलिखित करार असे: रंगमंचावर एकटे असलेले पात्र इतरांना फसवेल, पण प्रेक्षकांशी खोटे बोलणार नाही. मायक्रॉफ्ट इथे बोलत नाही, हे खरे. परंतु त्या खोलीत कॅमेऱ्याखेरीज कोणीही नसताना तो कोणासाठी शोक करत होता? भावाच्या बदनामीचे त्याला वाईट वाटत असेल, असे एका मित्राने मला सुचवले. मी ते दृश्य त्या दृष्टीने पुन्हा पाहिले. वाईट वाटत असेलही, पण ज्याला भाऊ जिवंत असल्याचे ठाऊक आहे अशा माणसाचे ते हात मला तरी वाटले नाहीत.