बाब-अल्-मंदेबची चिंचोळी वाट

नमस्कार, श्रोतेहो.

परदेशी असलेल्या मुलाशी किंवा बहिणीशी व्हिडिओवर बोलताना आपला समज असा असतो की हे बोलणे उपग्रहामार्गे आकाशातून जात असावे. प्रत्यक्षात खंडाखंडांमध्ये होणारी माहितीची जवळजवळ सगळी ये-जा समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबल्समधून होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या केबल्सपैकी ज्यांना युरोप गाठायचा असतो, त्या अरबी समुद्र ओलांडून, बाब-अल्-मंदेबच्या सुमारे ३० किलोमीटर रुंद सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरतात आणि इजिप्तला पोहोचतात.

ही वाट आजची नाही. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकली आणि तीच वाट पुढे सुएझवरून थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावरील पोर्थकर्नोपर्यंत जोडली गेली. तेव्हा तांब्याच्या तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टण असे. आता आत केसाएवढे बारीक काचतंतू असतात आणि त्यांतून प्रकाश धावतो. हा प्रकाश वाटेत मंदावतो, म्हणून दर ६० ते १०० किलोमीटरवर तो पुन्हा प्रखर करणारे उपकरण बसवलेले असते, आणि त्याला लागणारी वीज किनाऱ्यावरूनच, त्याच केबलमधल्या तांब्याच्या आवरणातून पुरवली जाते.

गंमत अशी की खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते, तर किनाऱ्याजवळ तिच्यावर पोलादी तारांचे चिलखत चढवावे लागते. शार्कच्या दातांच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. खरे शत्रू मात्र जहाजांचे नांगर आणि तळ खरवडत जाणारी मासेमारीची जाळी हेच आहेत.

तांबड्या समुद्रात ही अडचण अधिकच वाढते, कारण तिथे जहाजांची गर्दी, उथळ पाणी आणि युद्ध हे तिन्ही एकत्र आले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज नांगर टाकून सोडून देण्यात आले. ते वाहवत गेले आणि त्याच्या फरफटत जाणाऱ्या नांगराने तीन केबल्स तुटल्या, असे अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले. तुटलेली टोके गळाने वर ओढून जहाजावरच्या स्वच्छ खोलीत एकेक तंतू सांधणे हे खरे तर काही दिवसांचे काम. पण येमेनजवळच्या पाण्यात जाण्याच्या परवानग्या मिळवण्यातच महिने गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातच, सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ पुन्हा केबल्स तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व आखाती देशांतले इंटरनेट मंदावले. पण ते बंद पडले नाही, कारण तुंबलेली वाहतूक इतर केबल्सवर वळवण्यात आली. पलीकडच्याचे उत्तर येत होते, तेवढे लांबचा वळसा घेऊन.